हवेचा मापाडी

मी मापाडी आहे, पण माझ्या काट्यावर कापूस येत नाही, ज्वारी येत नाही, केळीचे घडही येत नाहीत. मी हवा मोजतो. अमळनेरच्या इंदरचंद शेठच्या पांढऱ्या पेट्रोल गाडीत, बॉनेटखाली, फिल्टरपासून इंजिनकडे जी काळी नळी जाते, तिच्यात माझी जागा आहे. मिस्त्री लोक मला एअर फ्लो सेन्सर म्हणतात. गाडीचा ड्रायव्हर पुना मला नुसतं 'तार' म्हणतो आणि त्याचंच बरोबर आहे. माझ्यातली कामाची वस्तू म्हणजे केसाहून बारीक अशी एक तार.

ही तार कायम तापलेली असते. बाहेरची हवा तिच्यावरून गेली की ती निवते. तिला पुन्हा तेवढंच तापायला किती वीज लागली, त्यावरून मी सांगतो की या सेकंदाला इतके ग्रॅम हवा आत गेली. गाडीचा कॉम्प्युटर माझा शब्द ऐकतो आणि त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल सोडतो. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी मला एका काचेच्या खोलीत ठेवून मोजलेली हवा माझ्यावरून सोडली होती. माझा आकडा आणि त्यांचा आकडा जुळला, तेव्हाच माझ्यावर शिक्का पडला. खरं माप देणं एवढंच मला येतं.

मला डोळे नाहीत. आठ वर्षं झाली, जग मी हवेवरूनच ओळखतो. पौषात पहाटे धुळ्याला निघालो की हवा जड लागते. वैशाखात तीच हवा इतकी हलकी होते की नळी भरून आली तरी वजन भरत नाही. शेठची तेलाची मिल आहे आणि तिला लागूनच जिनिंग, जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात. त्या अंगणात गाडी उभी राहिली की रुईचे तंतू आणि गरम सरकीचा वास येतो. सावद्याकडे गेलो तर ओल्या केळीबागांची हवा येते, गारसर आणि दमट. माणसांचं बोलणंही येतं, आणि न दिसलेलं मी त्यावरून जुळवतो. गाडीत बसलं की माणसं मोठ्यानं बोलतात, आणि बॉनेट उघडून बोलतात तेव्हा तर माझ्या तोंडावरच बोलतात.

सगळ्यांत जास्त ओळख आहे ती पुनाच्या पायाची. पुना अमळनेरजवळच्याच खेड्यातला, पन्नाशी ओलांडलेला. शेठकडे ड्रायव्हर म्हणून त्याला चौदा वर्षं झाली, माझ्याआधीच्या गाडीपासून. पाय पॅडलवर पडला की हवा वाढते, उचलला की कमी होते, म्हणून पाय कसा आहे ते माझ्याइतकं कुणाला कळत नाही. शेठना गाडीत झोपायची सवय आहे. गाव सोडलं की पाच-सहा किलोमीटरमध्ये त्यांची मान मागे टेकते. मग पुनाचा पाय बदलतो. दाबायचं ते इतकं हळू दाबतो, सोडायचं ते इतकं हळू सोडतो, की माझ्यावरून हवा सुतासारखी एकसारखी जाते. एक गाठ नाही. ती हवा आली की मी समजतो, मागे शेठ झोपले.

शेठचा मुलगा अनुज नाशिकला इंजिनिअरिंग करून आला आणि मिलमध्ये बसायला लागला. डिसेंबरात त्यानं ऑनलाइन एक खोकं मागवलं. त्यात चकचकीत रुंद नळी होती आणि तिच्या टोकाला लाल रंगाचा, शंकूच्या आकाराचा फिल्टर. आमचा जुना काळा डबा, त्यातला कागदी फिल्टर, बंपरमागून गार हवा आणणारा त्याचा सोंडेसारखा पाइप, सगळं त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत सोडवलं. मला नव्या नळीत बसवलं. काम जपून केलं, खोटं का बोलू. दोन स्क्रू आवळताना हातसुद्धा जड केला नाही.

"आवाज ऐका पापा," त्यानं गाडी रेस करून दाखवली.

"आवाजाला काय करायचं?" शेठ म्हणाले. "पुना, तुला काय वाटतं?"

"मस्त शे," पुना म्हणाला. धाकल्या शेठची हौस मोडायची नाही म्हणून. "हाऊ जुना डबा काय करू?"

"भंगारात टाका पुनाभाऊ."

पुनानं तो भंगारात टाकला नाही. गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवला. त्याला काही टाकवत नाही, हा त्याचा स्वभाव.

नवी नळी जुनीपेक्षा रुंद होती. तिच्यात माझ्या वाट्याला हवा जरा कमी यायची आणि माझा आकडा थोडा कमी पडायचा. शिवाय तो लाल फिल्टर इंजिनाच्या उघड्या कुशीत होता, बाहेरची गार हवा सोडून तिथलीच तापलेली हवा ओढायचा. पण थंडीचे दिवस होते. निभावून गेलं.

त्या फिल्टरमध्ये कागद नव्हता, कापसाचं कापड होतं, आणि त्याला किंचित तेल लागतं. धूळ त्या तेलावर अडकते. आमच्या अंगणात धुळीपेक्षा रुई जास्त. होळीपर्यंत त्या लाल फिल्टरवर पांढरी दाढी उगवली. अनुजनं तो काढला, साबणानं धुतला, उन्हात वाळवला. आता तेल लावायचं तर सोबत आलेली बाटली सापडेना.

तेवढ्यात शेठ आले. "काय शोधतोस?"

"याला तेल लागतं पापा. मागवतो दोन दिवसांत."

"तेल?" शेठ हसले. "तेलाच्या मिलमध्ये उभा राहून तेल मागवतो?"

"याचं वेगळं असतं."

"कापूस आहे ना? मग कापसाला कापसाचंच तेल. सरकीच्या पोटातून निघतं ते." शेठ आत गेले आणि टाकीतून गाळलेलं, सोन्यासारखं सरकीचं तेल वाटीभर घेऊन आले. अनुज दोन थेंब म्हणत होता. शेठनी वाटी तिरपी केली. "पिऊ दे. कोरडा कापूस फाटतो."

पुना शेजारी उभा होता, फिल्टर दोन्ही हातांत धरून. तेल त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत आलं. त्यानं ते पायजम्याला पुसलं आणि फिल्टर बसवला. त्या तिघांपैकी कुणाच्याही मनात काही वावगं नव्हतं.

पुढचं माझ्यावर घडलं. गाडी सुरू झाली, फिल्टरनं हवा ओढली, आणि हवेबरोबर तेलाचा बारीक तुषार आला. माझी तार तापलेली. कढईच्या कडेला तेल आटून पिवळं, चिकट होऊन बसतं ना, जे घासलं तरी निघत नाही, तसा पापुद्रा तारेवर चढला. त्यावर रुईचे तंतू चिकटले. मला जणू कुणी गोधडी पांघरली. हवा वरून जायची, पण तार निवायची नाही. मग माझा आकडा आपोआप कमी निघायला लागला. मला वाटत होतं मी खरं सांगतोय. खोटं माप देणाऱ्याला आपलं माप खोटं आहे हे कळत नसेल, तर त्याच्याइतका धोक्याचा मापाडी नाही.

मी नव्वद ग्रॅमऐवजी सत्तर सांगायचो. कॉम्प्युटर सत्तरचंच पेट्रोल सोडायचा. सपाट रस्त्यावर ते लपून जायचं, कारण धुराच्या नळीत माझा एक भाऊबंद आहे, तो जळलेली हवा हुंगतो आणि सांगतो की पेट्रोल कमी पडलं, वाढवा. कॉम्प्युटर वाढवायचा. पण चढावर, पाय पूर्ण खाली गेला की, त्याचं ऐकत बसायला वेळ नसतो. तिथे माझ्या एकट्याच्या शब्दावर काम चालतं. हवा जास्त, पेट्रोल थोडं, त्यात उन्हाळा. मिश्रण वेळेआधीच पेट घ्यायचं आणि पिस्टनच्या डोक्यावर आतून दणका बसायचा. बाहेर ऐकू यायचं ते पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं.

ते पहिल्यांदा ऐकलं पुनानं. धुळ्याहून परतताना, रेल्वेच्या पुलावर चढताना.

"शेठ, गाडी ठोकी राह्यनी."

"मला तर नाही ऐकू आलं."

"चढले ठोकस. परत एकदा येवू का पुलावरून?"

शेठनी नको म्हटलं. आठवड्यानं त्यांनाही ऐकू आलं. त्या दिवशी त्यांची मान मागे टेकली नाही, आणि त्यानंतर दीड महिना टेकली नाही.

शोधाशोध सुरू झाली. आधी पेट्रोलवर संशय. टाकी रिकामी करून दुसरीकडचं भरलं, मग त्याहून चांगल्या प्रतीचं भरलं. आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. मग अमळनेरच्या नेहमीच्या मिस्त्रीनं प्लग काढले. त्यांची टोकं पांढरीफटक होती. मिस्त्री म्हणाला, जुने झाले, आणि नवे टाकले. आवाज तसाच. मी आत ओरडत होतो असं नाही, मला ओरडता येत नाही. तरी त्या पांढऱ्या टोकांवर माझी चूक लिहिलेली होती आणि ती त्या दिवशी कुणी वाचली नाही.

मग उरला पुना.

"पापा, गाडीत काही नाही," अनुज एका दुपारी बॉनेटवर हात ठेवून म्हणाला. "पुनाभाऊ गाडी ओढतात. वीसच्या स्पीडला चौथा गिअर. कुठलंही इंजिन ठोकेल."

"मी?" पुना म्हणाला.

"राग मानू नका. वयानं होतं. पायाला अंदाज राहत नाही."

"अनुज," शेठ म्हणाले, आणि मिलकडे निघाले.

मला त्या वेळी तोंड हवं होतं. पुनाच्या पायाची साक्ष माझ्याइतकी कुणी दिली नसती.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्ष बदलतं. वर्षाच्या बोलीवर शेतावर राबणारा सालदार त्या दिवशी जुन्या धन्याकडे राहतो किंवा नव्याकडे जातो. शेठच्या घराण्यानं राजस्थानातून येऊन इथे चार पिढ्या काढल्या, त्यात ही रीतही उचलली. मिलमधल्या जुन्या माणसांना आखाजीला नारळ आणि टोपी मिळते. पुनाला नारळाबरोबर गाडीची किल्ली मिळते, शेठच्या हातून. आदल्या दिवशी तो किल्ली देवघरात ठेवतो, दुसऱ्या दिवशी शेठ त्याच्या ओंजळीत घालतात. चौदा वर्षं. त्यात शब्द लागत नाहीत.

या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला शेठ त्याला म्हणाले, "पुना, आखाजीनंतर तू गेटवर बस. काट्याजवळ. सावली आहे, पंखा आहे. गाडी अनुज बघेल."

पुना फक्त "बरं" म्हणाला. गाडीत येऊन बसला आणि बराच वेळ चावी फिरवली नाही.

पण त्यानं एक केलं. काट्याच्या रद्दी पावत्या असतात, पाठकोऱ्या. त्यांचा एक गठ्ठा त्यानं स्टिअरिंगच्या दांडीला अडकवला आणि लिहायला लागला. गाडी थांबली की लिहायचा, मोठ्यानं म्हणत म्हणत, शाळेतल्यासारखं. "सकाळी सात. एसी बंद. पुलाचा चढ. आवाज नाही." "दुपारी अडीच. एसी चालू. तोच चढ, चौथा गिअर. सहा ठोके." "तोच चढ, तिसरा गिअर. पाच ठोके." तिसऱ्यातही ठोकतं, म्हणजे ओढल्यामुळे ठोकत नाही. हे त्याला कळलं होतं. पण ते सांगायचं तर धाकल्या शेठला चूक म्हणावं लागणार, म्हणून लिहिलेल्या पावत्या वाढत गेल्या आणि खिशात राहिल्या.

शेठची बायको पानबाई. तिचं माहेर धुळ्याचं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भावाकडे जायचं म्हणून ती निघाली. तिला उतरवून पुनाला चार तास मोकळे होते. तो गाडी घेऊन थेट एका गॅरेजवर गेला. तिथे कुंदन पाना धरतो आणि त्याची बायको दिपमाला स्कॅनरचं मशीन चालवते. दिपमाला पुनाच्या गावची लेक.

"या नाना! आज इकडे कसे? काय म्हणस गाडी?"

"गाडी म्हणस मी म्हातारा व्हयनू."

"गाडी म्हणस का शेठ म्हणस?"

पुना हसला नाही. पावत्यांचा गठ्ठा तिच्या हातात दिला. तिनं त्या सगळ्या वाचल्या, एक न गाळता. मग म्हणाली, "नाना, बठ्ठं लिखेल शे. एवढं तर आम्ही गिऱ्हाइकाला विचारूनबी मिळत नाही. हा लाल फिल्टर कधी लावला?"

"डिसेंबरमा."

"आणि आवाज?"

"होळीनंतर."

"मग मधले तीन महिने गप्प कसा राहिला?" ती स्वतःशीच म्हणाली. "जुना डबा आहे का?"

पुनानं डिकी उघडली. गोणपाट सोडताना त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला असावा, कारण कुंदन म्हणाला, "दखा, नाना भंगारबी सांभाळस!"

आधी लाल फिल्टरवरच लळिंगच्या घाटात एक फेरी झाली, सहा ठोके पडले, मग त्यांनी मला जुन्या डब्याच्या नळीत बसवलं. पुन्हा त्याच घाटात नेलं, भर दुपारी, एसी चालू ठेवून. दिपमाला पुढच्या सीटवर मशीन मांडीवर घेऊन. सहा ठोक्यांचे तीन झाले.

"गरम हवेचा वाटा होता," ती म्हणाली. "पण निम्माच. बाकीचं कोण करतंय?" ती मशीनवरचे आकडे वर-खाली सरकवत राहिली. मग म्हणाली, "नाना, अजून एकदा. पाय पूर्ण खाली."

पुनानं पाय पूर्ण खाली दिला.

"हां. हा सत्तर सांगतोय. इथे नव्वदच्या आसपास पाहिजे. आणि सपाटीवर कॉम्प्युटर मागून अठरा टक्के पेट्रोल वाढवतोय, म्हणजे त्यालाही यावर भरवसा नाही. दिवा लागायला पंचवीस टक्के लागतात, म्हणून दिवा लागला नाही." ती पुनाकडे वळली. "प्लगची टोकं कशी होती?"

पुनानं डॅशबोर्डच्या खणातून जुने प्लग काढले. अर्थात ठेवले होते.

"पांढरे. पेट्रोल कमी पडलेलं. नाना, तुमचा पाय नाही. माप खोटं आहे."

गॅरेजवर परत आल्यावर तिनं मला बाहेर काढलं. आठ वर्षांत मला इतक्या जवळून कुणी तपासलं नव्हतं. तिनं माझ्या कडेला बोट लावलं, बोट चिकटलं. तिनं ते नाकाशी नेलं आणि कुंदनपुढे धरलं.

"वास घ्या."

"भजी!" कुंदन म्हणाला. "नाना, गाडीत भजी तळस का तुम्ही?"

पुनानं स्वतः वास घेतला. मिलमध्ये चौदा वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही. "हाई सरकीनं तेल शे," तो हळूच म्हणाला.

"फिल्टरला कुणी लावलं हे?"

पुनाला तेव्हा आपले हात नक्कीच आठवले असतील, मनगटापर्यंत तेलात भिजलेले. वाटी कुणाच्या हातात होती तेही. तो म्हणाला, "मिलमा गाडी उभी राहस. उडी लागनं व्हई."

"उडून एवढं?" दिपमालानं त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि पुढे विचारलं नाही. तिनं तारेला हात न लावता लांबून औषधाचा फवारा मारला. एका फवाऱ्यानं निघालं नाही. वाळू दिलं, पुन्हा मारला. चौथ्या वेळेला तारेवरचा पापुद्रा सुटला. मी वाळलो, बसलो, आणि पहिल्याच श्वासाला हवा पुन्हा हवेसारखी लागली. घाटात नव्वद सांगितले. एक ठोका नाही.

पुनानं गाडी घाटाच्या माथ्यावर बाजूला घेतली, बंद केली, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला.

"काय नाना?"

"काही नही. कान मन्हा बरोबर व्हता."

घरी त्यानं शेठना एवढंच सांगितलं की एक तार मळली होती, धुतली. गाडी ठीक आहे. शेठनी चक्कर मारून बघितली, आवाज नव्हता. "बरं झालं," ते म्हणाले. गेटचं काय, ते बोलले नाहीत, आणि पुनानं विचारलं नाही. दिलेला शब्द शेठ मागे घेत नाहीत हे सगळ्या मिलला माहीत होतं. तो फिरवायला त्यांना कारण लागलं असतं, आणि कारण पुनाच्या पोटात होतं.

आखाजीला सकाळीच मिलच्या अंगणात माणसं जमली. गाडी धुऊन उभी होती, बॉनेट उघडं. अनुजनं त्या दिवशीच्या उत्साहात लाल फिल्टर पुन्हा लावायला घेतला होता. गाडी आता बरी होती, मग काय हरकत. मला त्या रुंद नळीत पुन्हा बसवून तो म्हणाला, "पापा, धुतलाय. तेवढं तेल राहिलं."

"थांब, आणतो," शेठ म्हणाले. पानबाई आरतीचं ताट घेऊन आली होती. ताटात नारळ, टोपी आणि किल्ली. किल्ली कुणाला जाणार, ते अजून ठरायचं होतं, म्हणजे ठरलेलंच होतं. शेठ वाटी घेऊन आले. सरकीचा वास माझ्यापर्यंत आला आणि मी तो लगेच ओळखला. त्यांनी वाटी तिरपी केली.

"शेठ, नका टाकू."

पुनाचा आवाज होता. शेठच्या हाताला मिलमध्ये कुणी नको म्हणत नाही, आखाजीच्या दिवशी तर नाहीच.

"का?"

पुनानं फिल्टर वाटीखालून बाजूला घेतला.

"पुना, का विचारलं मी."

"मागली बारी हाईच तेल तारवर गयथं. त्यामुळे ठोकत व्हती."

अनुज म्हणाला, "तुम्ही तर म्हणालात तार मळली होती."

"तेलानीच मळेल व्हती."

शेठनी वाटी सरळ केली. "ती तार करते काय?"

"हवा मोजस. आपला गेटवरना काटा शे ना, तसं. तेल पडनं का कमी सांगस. मंग पेट्रोल कमी पडस."

"आणि हे तुला धुळ्यालाच कळलं?"

"हां."

"मग सांगितलं का नाहीस? मी तुला गेटवर बसवायला निघालो होतो."

पुना खाली बघत म्हणाला, "वाटी तुमना हातमा व्हती."

मला वाटलं आता शेठ चिडतील. पानबाईच बोलली. "यांचा हात तसाच आहे. घरी भाजीत बघा, तवंग तरंगतो. मी तीस वर्षं सांगतेय." दोघं-तिघं हसले.

शेठनी वाटी अंगणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवली. ते बोलले ते पुनाशी नाही, अंगणातल्या सगळ्यांशी. "चार पिढ्या आमच्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नाही. आणि माझ्या हातानं माप बिघडलं. दोष मी पुनाच्या पायाला दिला." ते मुलाकडे वळले. "अनुज."

"हां पापा."

"तुझं काय म्हणणं होतं पुनाच्या पायाबद्दल?"

अनुजचा हात अजून माझ्या नळीवर होता. पुनानं खिशातल्या पावत्या त्याच्यापुढे धरल्या, आणि त्यानं तिसऱ्या गिअरचे पाच ठोके मोठ्यानं वाचले. "चुकलं, पुनाभाऊ," तो म्हणाला. "तिसऱ्या गिअरची गोष्ट आधी सांगायची ना मला."

"सांगतू, पन तुमी व्हिडिओ दखत व्हतात," पुना म्हणाला, आणि या वेळी हसू थांबलं नाही, अनुजचं सुद्धा.

जुना काळा डबा पुन्हा बसला. लाल फिल्टर आता अनुजच्या खोलीत शोभेला आहे असं ऐकतो. पानबाईनं ताट पुढे केलं आणि शेठनी किल्ली पुनाच्या ओंजळीत घातली. नारळही दिला. नेहमीसारखेच शब्द लागले नाहीत.

आता माझं वय झालं आहे. तार पूर्वीइतकी चपळ नाही. दिपमाला म्हणाली आहे की अजून दोन उन्हाळे काढेल, मग नवा टाका. टाका. माझी एकच विनंती आहे. जो येईल त्याला तेल लावू नका, फडक्यानं पुसू नका, आणि गाडी ठोकायला लागली तर आधी काय बदललं होतं ते आठवा. चालवणाऱ्याचा पाय सगळ्यांत शेवटी बघा.

त्या आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी शेठना नरडाण्याला जायचं होतं. भर दुपार, एसी चालू. शेठ मागे बसले. गाव सुटलं. पहिले चार किलोमीटर हवा नेहमीसारखी येत होती, थोडी वर, थोडी खाली. पुलाचा चढ आला, पाय खाली गेला, मी सांगितलं तेवढंच पेट्रोल आलं, आवाज झाला नाही. 

सहाव्या किलोमीटरला हवा बदलली. एकसारखी झाली, सुतासारखी, एक गाठ नाही. मी ती मोजत राहिलो.